मार खाण्याची सवय होते का?

डिसेंबर २०१८ मध्ये ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची स्पर्धा जालना शहरात भरली होती. अंतिम लढतीत माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेख यांनी गादी विभागातून आलेल्या अभिजित कटके यांना हरवून गदा मिळवली. अशी कुस्ती किंवा दूरदर्शन संचावर मुष्टियुद्ध पाहिल्यावर मुलांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. एवढी आपटाआपटी, एवढे ठोसे ही माणसे सहन कशी करतात? सरावाने शरीर ‘पक्के’ होते का? मग रोज थोडा थोडा मार खाल्ला तर आपणही तसे होऊ का?

प्रश्न गमतीचा वाटला तरी उत्तर महत्त्वाचे आहे. शाळेच्या मैदानावर डोके आपटलेल्या मुलाला पुन्हा खेळायला पाठवायचे की नाही, हे या उत्तरावर ठरते.

मातीचे गणित

तालमीच्या हौदात लाल माती असते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ घालतात आणि कुस्तीपूर्वी ती उकरून भुसभुशीत करतात. आपल्या भागातील काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण जास्त. ती ओली झाली की चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. हौदाला ती चालत नाही. असे का?

समजा, धोबीपछाड डावात एक पैलवान १.२ मीटर उंचीवरून पाठीवर पडला. जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ४.९ मीटर असेल. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते, यावर सगळे अवलंबून आहे. कठीण जमिनीवर ते अंतर १ सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या १२० पट होते. मऊ मातीने ८ सेंटिमीटर दिले, तर ते केवळ १५ पट होते. उंची भागिले थांबण्याचे अंतर, एवढेच हे सूत्र. नववीच्या विद्यार्थ्यांकडून ते गतीच्या समीकरणांवरून काढून घेता येईल.

म्हणजे पैलवान आपटणे सहन करतो त्याचे पहिले श्रेय मातीला आहे. दुसरे श्रेय पडण्याच्या कौशल्याला. मुरलेला पैलवान हनुवटी छातीकडे ओढून घेतो, अंग गोल करतो आणि पाठीच्या मोठ्या भागावर पडतो. त्यामुळे बल अधिक क्षेत्रफळावर वाटले जाते आणि डोके आपटत नाही. हे कौशल्य निश्चितच शिकता येते.

शरीरात काय बदलते?

जालना शहर लोखंडी सळयांच्या कारखान्यांसाठीही ओळखले जाते. लोखंड ठोकून घट्ट होते, तसे शरीर होते का? सळया बांधायची तार घ्या आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. थोड्या वेळाने ती जागा कडक झाल्याचे बोटांना जाणवेल. आणखी काही वेळा वाकवली की तार तेथेच तुटेल. धातू ठोकून घट्ट होतो, पण त्याच वाटेने तो तुटतोही.

हाडाचे तसे नाही, कारण हाड जिवंत आहे. ताण पडेल तेथे ते नवा थर घालते. हा नियम जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते ते यामुळेच. मात्र त्यासाठी महिने लागतात आणि मधे विश्रांती लागते. विश्रांती मिळाली नाही, तर हाडाचीही त्या तारेसारखी गत होऊन त्याला बारीक तडा जातो.

स्नायूंचेही असेच. पोटाचे स्नायू कमावलेले असले आणि ठोसा बसण्याच्या क्षणी आवळलेले असले, तर आतल्या अवयवांपर्यंत कमी धक्का पोचतो. वेदना सहन करण्याची ताकदही सरावाने वाढते. वेदना कोठे सुरू होते यात खेळाडू आणि इतर माणसे यांच्यात फारसा फरक नसतो. ती किती वेळ सोसायची, यात मात्र फरक पडतो.

पण घट्ट होणे म्हणजे नेहमी मजबूत होणे नव्हे. पैलवानाचे मोडलेले कान आठवा. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या आवरणातून तिचे पोषण होते. घासून आणि दाबून हे आवरण सुटले की मधे रक्त साचते, कूर्चा उपाशी राहते आणि त्या जागी कडक, वेडीवाकडी ऊती तयार होते. लोक तिला पैलवानीची खूण समजतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो जखमेचा व्रण आहे.

कवटीच्या आत

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मेंदूचे वजन सुमारे १.४ किलोग्रॅम. तो मऊ असतो आणि कवटीत मस्तिष्कमेरू द्रवात तरंगत असतो. डोक्याला झटका बसला की कवटी वळते, पण जडत्वामुळे मेंदू किंचित मागे राहतो.

वर्गात एक कच्चे अंडे टेबलावर फिरवा. बोटाने क्षणभर थांबवा आणि लगेच सोडा. अंडे पुन्हा फिरू लागेल. कवच थांबले होते, आतला बलक थांबला नव्हता. आता विचारा, कवच दुप्पट जाड केले तर बलक फिरायचा थांबेल का? विद्यार्थी स्वतःच उत्तर देतील. उकडलेल्या अंड्यावर हाच प्रयोग करून फरकही दाखवा.

ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्ये कवटीच्या आकारात जिलेटिन भरून हेच तपासले. सरळ धक्क्यापेक्षा गोल फिरवणारा झटका मेंदूला जास्त पिळतो, असे त्यांनी दाखवले. हनुवटीवरचा ठोसा माणसाला चटकन का पाडतो, ते यावरून कळते. हनुवटी मानेच्या सांध्यापासून लांब असल्याने ती तरफेचे काम करते आणि डोके झटक्यात वळते. मेंदूतले लांब चेतातंतू ताणले जातात, पेशींच्या आतबाहेरचे क्षारांचे संतुलन बिघडते आणि ते सावरायला मेंदूला काही दिवस जादा ऊर्जा लागते. या काळात दुसरा हादरा बसला, तर तो पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. सवय होण्याच्या नेमके उलट!

मेंदूच्या ऊतीत वेदना जाणणारी ग्राहके नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवावी. ‘आता काही वाटत नाही’ असे म्हणणाऱ्या मुष्टियोद्ध्याचा चेहरा सरावलेला असतो. मेंदूकडून त्याला बातमीच येत नसते.

मग मान कमावून उपयोग आहे का?

थोडा आहे. मान आवळलेली असेल तर डोके धडाला जोडले जाते, वस्तुमान वाढल्यासारखे होते आणि त्वरण घटते. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या ६,७०४ खेळाडूंचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मान जितकी मजबूत, तितका मेंदूला हादरा बसण्याचा धोका कमी, असे त्यात आढळले. पण ते खेळ चेंडूचे होते, ठोशांचे नव्हते.

ठोशाचा वेग पाहा. ब्रिटिश मुष्टियोद्धा फ्रँक ब्रुनो यांच्या ठोशाचे मोजमाप १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूठ सुमारे अर्धा मीटर अंतर ०.१ सेकंदात कापत होती. आदळताना तिचा वेग सेकंदाला ८.९ मीटर होता आणि स्पर्शानंतर १४ मिलिसेकंदांच्या आत बल ४,०९६ न्यूटनपर्यंत चढले. त्या क्षणी ४०० किलोग्रॅमहून अधिक वजनाइतके ते बल होते. आता विद्यार्थ्यांच्या बोटांमधून पट्टी सोडून ती पकडायला सांगा. पट्टी बहुधा २० सेंटिमीटरच्या आसपास घसरेल, म्हणजे ०.२ सेकंद गेले. ठोसा दिसल्यावर मान आवळायची म्हटली, तर तोपर्यंत ठोसा बसून गेलेला असतो.

म्हणून कसलेला मुष्टियोद्धा मुठीकडे पाहत नाही. समोरच्याच्या खांद्यावरून, पायांवरून ठोसा येण्याआधीच तो ओळखतो. डोके सरकवतो किंवा हातावर झेलतो. शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. न दिसलेला ठोसा मात्र कमावलेल्या मानेलाही पाडतो.

उशिरा येणारे बिल

१९२८ मध्ये अमेरिकेतील डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी मुष्टियोद्ध्यांमधील अडखळती चाल, जड जीभ आणि मंदावलेली बुद्धी यांची नोंद केली. १९७३ मध्ये ब्रिटनमधील कॉर्सेलिस व सहकाऱ्यांनी १५ निवृत्त मुष्टियोद्ध्यांचे मेंदू मृत्यूनंतर तपासून त्यांत झालेले बदल दाखवले. नंतर अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंतही असा विकार सापडला. बेशुद्ध पाडणारे मोजके ठोसेच नव्हे, तर वर्षानुवर्षे बसलेले लहान लहान हादरेही त्याला कारणीभूत ठरतात, असे आज मानले जाते. मुहम्मद अली यांना १९८४ मध्ये पार्किन्सनसदृश विकाराचे निदान झाले. एका उदाहरणावरून कारण सिद्ध होत नाही. पण वरील अभ्यास एका माणसाचे नाहीत.

डोक्यावर बांधायच्या गाद्यांनी हा प्रश्न सुटत नाही. त्या खरचटणे, फाटणे वाचवतात. डोक्याचे वळणे पुरेसे थांबवत नाहीत.

आपल्या मैदानावर

मराठवाड्यातील बहुतेक शाळांत कबड्डी खेळली जाते आणि तीही अनेकदा कडक जमिनीवर. मैदान उकरून, पाणी मारून मऊ करणे हा वरच्या गणिताचा सर्वांत स्वस्त उपयोग आहे. मुलांना आधी पडायला शिकवावे, मग पकडायला.

डोके आपटल्यावर मूल गोंधळले, त्याला गरगरले, आठवेनासे झाले किंवा डोके दुखू लागले, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये. एक-दोन दिवस विश्रांती द्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने खेळ वाढवावा. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, किंवा दोन बाहुल्यांच्या आकारात फरक यांपैकी काहीही दिसले, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. बेशुद्ध न पडलेल्या मुलाच्या मेंदूलाही हादरा बसलेला असू शकतो.

शिक्षेच्या नावाखाली डोक्यात किंवा कानशिलावर मारण्याबाबतही हेच शास्त्र लागू आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच. ‘मार खाऊन पोर घट्ट होते’ हा समज कायद्याबरोबर विज्ञानातही टिकत नाही. हाड, स्नायू, मान आणि नजर यांना शिकवता येते. मेंदूला मार सोसायला शिकवता येत नाही. त्याला मारापासून दूर ठेवायला आपण शिकायचे असते.