कादंबरी वाचून पोरगी बिघडते काय?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. वलगावातल्या आमच्या घराच्या दारात शेजारचे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. दिवसभर गवंडीकाम करून आलेले, हातापायावरचे सिमेंटही नीट निघालेले नव्हते. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"भाऊ, तुमी शिकलेले माणसं हा. आमच्या पोरीले जरा समजवा. दहावीचं वरीस हाय अन् ते कादंबऱ्या वाचत बसते. काल त वाचता वाचता रडत होती. कादंबरी वाचून का पोट भरते?"

त्यांनी पुस्तक हिसकावून पेटीत कुलूप लावून ठेवले होते. पुस्तक वाचनालयाचे होते. ते वेळेवर परत गेले नाही तर दंड बसेल, या भीतीने मुलगी आणखीच रडत होती.

वाचकहो, खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हाला त्या बापाचेच पटले. आमचा पेशा कारकुनाचा, शिक्षण बी.कॉम. आयुष्य जमाखर्चात गेले. चळवळीत काम करताना वैचारिक पुस्तके वाचली, भाषणे ऐकली. पण कथा-कादंबरी म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असेच आम्हीही मानत आलो. आमच्या मुलालाही आम्ही कितीदा म्हटले आहे, "आधी अभ्यास कर, गोष्टी परीक्षेनंतर." मात्र त्या रात्रीपासून या प्रश्नाचा आम्ही जरा मनापासून विचार केला. तोच वाचकांपुढे ठेवतो.

गोष्टीतला गरीब कोण?

गोष्ट मनावर कशी काम करते? मूल गोष्ट वाचते तेव्हा ते नुसते ऐकणारे राहात नाही, गोष्टीतले कोणीतरी होते. राजपुत्राच्या घोड्यावर बसते, राक्षसाला भिते, जंगलात वाट चुकते. पुस्तकात चित्र नसले तरी ते स्वतःच्या मनात चित्र काढते. ही ताकद मोठी आहे, म्हणूनच मूल कोणाच्या जागी उभे राहते हा प्रश्नही मोठा आहे.

लहानपणी आम्ही शेजारच्या गुरुजींकडून 'चांदोबा'चे जुने अंक आणून वाचत असू. फार आवडायचे. पण आज आठवले की एक गोष्ट लक्षात येते. त्या काळी ऐकलेल्या-वाचलेल्या कितीतरी गोष्टींची सुरुवात गरीब ब्राह्मणापासून व्हायची. म्हणजे गोष्टीत गरीब असायचा तोही ब्राह्मणच! गवंडी, हमाल, कापूस वेचणारी बाई, गावाबाहेरची वस्ती, यांतले कोणी कधी भेटले नाही. आपल्यासारखी माणसे गोष्टीत बसण्याच्या लायकीची नसतात, असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तरी ते मनात कुठेतरी बसले होते. गोष्ट मनावर परिणाम करते तो असा, न बोलता.

सुभेदार रामजी आणि त्यांचा मुलगा

या बाबतीत बाबासाहेबांच्या बालपणाचा एक प्रसंग फार बोलका आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी तो स्वतः सांगितला आहे. वडील सुभेदार रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने एके दिवशी विचारले, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हीन स्थिती वर्णिली आहे, ते आम्ही का वाचावेत? वडिलांना प्रश्न आवडला नाही. मुलांनी असले काही विचारू नये, सांगितले तेवढे करावे, असे म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

पण पुढे त्यांनी उत्तर दिले, आणि ते विचार करण्यासारखे आहे. आपण अस्पृश्य, म्हणून मुलांच्या मनात न्यूनगंड येईल, ही त्या बापाला काळजी होती. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून किती वर चढले ते पाहा, वाल्मीकी कोळी असून रामायणाचा कर्ता झाला ते पाहा, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला त्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांच्यापैकी आपल्याला कोणी पटत नाही, रामही पटत नाही, असे त्याने वडिलांना सांगितले. वडील गप्प राहिले.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. गोष्टीमुळे मुलाचे मन मोठे होऊ शकते, हे रामजींना कळले होते. आणि गोष्टीतल्या थोर माणसालाही जाब विचारता येतो, हे मुलाला कळले होते. घरात वाचन होते म्हणून प्रश्न निघाला. वाचनच नसते तर प्रश्न कोठून आला असता?

प्रयोग काय सांगतात?

अलीकडे शास्त्रज्ञांनीही हा विषय तपासला आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या दोन संशोधकांनी जाहीर केले की, चांगल्या कथेची काही पाने वाचली की समोरच्याच्या मनातले ओळखण्याची शक्ती लगेच वाढते. मोठा गाजावाजा झाला. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा मात्र तसा निकाल मिळाला नाही. २०१८ साली अशा १४ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यात कथावाचनाचा फायदा दिसला, पण तो लहान होता. तात्पर्य, कादंबरी ही काही इंजेक्शन नव्हे, की टोचले आणि माणूस सुधारला.

दुसरा प्रयोग इटलीतला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. तेथे पाचवीच्या मुलांचे छोटे गट करून सहा आठवडे त्यांना 'हॅरी पॉटर'मधील उतारे वाचायला दिले. काही गटांना भेदभावाचे प्रसंग असलेले उतारे दिले, काहींना साधे. वाचून झाल्यावर त्यांवर चर्चा करण्यात आली. भेदभावाचे उतारे वाचून चर्चा करणाऱ्या मुलांपैकी ज्यांनी स्वतःला हॅरीच्या जागी पाहिले, त्यांचे बाहेरदेशातून आलेल्या लोकांविषयीचे मत सुधारले. प्रयोग लहान होता, थोड्याच मुलांचा होता. पण त्यातली एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. मुलांना पुस्तक देऊन एकटे सोडले नव्हते. त्यांच्याशी कोणी बोलत होते.

ही रीत आपल्याला नवी नाही. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. प्रत्येक कथेच्या शेवटी, त्या वेळचा अमुक तो आज कोण, असा जोड लावलेला असतो. म्हणजे गोष्ट सांगून सोडून देत नाहीत, आजच्या माणसांशी बांधतात. आणि आमच्या वलगावचेच उदाहरण घ्या. येथे पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी. बाबांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती असे. प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. ताट मोडा पण पोरांना शिकवा, असे सांगणारा हा माणूस ऐकणाऱ्याला नुसते माना डोलवू देत नसे.

मोठ्यांचे काय?

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. तिचे पुस्तक होते उद्धव शेळके यांची 'धग', १९६० साली प्रसिद्ध झालेली, आपल्या वऱ्हाडी बोलीतल्या संवादांची कादंबरी. कौतिक नावाची गरीब घरातली बाई संसार सावरण्यासाठी मरमर मरते, त्याची ती कथा. आम्ही मुलीच्या आईला विचारले, "वहिनी, तुम्हाला काय वाटते?" त्या कापूस वेचायला जातात, लिहिता-वाचता येत नाही.

त्या म्हणाल्या, "मले काय समजते भाऊजी? पण चार दिवस झाले, पोरगी मले जेवताना इचारते, आई, तुह्यासाठी भाजी उरली का? आंधी कधी इचारे नाई."

आम्ही गप्प झालो. गेली इतकी वर्षे ती आई शेवटी जेवते, हे मुलीला दिसत होते. लक्षात आले ते कौतिकमुळे. आपल्याच घरातले माणूस कधी कधी पुस्तकातून दिसते.

मोठ्यांवर होणारा परिणामही असाच. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले. १९५९ सालची त्यांची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांगवाड्यातला वीर त्यात कथेचा नायक झाला. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. ज्या पिढीला गोष्टीत स्वतःचे तोंड कधी दिसले नव्हते, तिला ते या पुस्तकांत दिसले. भाषणाने माणूस पेटतो. पण शेजारच्याचे दुःख आपले कसे वाटावे, हे शिकायला गोष्टीजवळ बसावे लागते.

सर्वच कथा चांगल्या असतात असे नाही. भूताखेताला आणि नवससायासाला खरे ठरवणारी, बाईला पायाखालची समजणारी पुस्तकेही आहेत. पण त्यावर पेटीला कुलूप हा उपाय नव्हे. मूल चोरून वाचेल, आणि चोरून वाचलेल्यावर घरात बोलता येत नाही. अभ्यासाची वेळ अभ्यासाला द्यावी, आणि रात्री जेवणानंतर अर्धा तास टीव्ही-मोबाईल बंद करून एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मग विचारावे: तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस? या गोष्टीत कोणावर अन्याय झाला? कोणाचे म्हणणे यात आलेच नाही? ज्यांना वाचता येत नाही त्या आईला आणि आजीलाही विचारावे.

त्या घरी पेटी उघडली. मुलीने रोज दोन-चार पाने आईला वाचून दाखवावीत, असे ठरले. बाप ओट्यावर पाठ करून बसायचे. तिसऱ्या की चौथ्या रात्री ते तिथूनच म्हणाले, "पण ते कौतिकच एकटी कायले मरते? बाकीच्याईचे हात का मोडले?"

मुलीने पुस्तक मिटले, आणि त्या रात्री घरात बराच वेळ बोलणे चालले.

आपल्या घरी कोणते पुस्तक वाचले गेले आणि मुलांनी काय विचारले, ते वाचकांनी आम्हास जरूर कळवावे.