महामार्गावरील पुलांची भूकंपरोधक रचना (परभणी जिल्हा)

भूकंपात पूल कोसळू नये आणि शक्यतो वाहतुकीस खुला राहावा, अशा रीतीने केलेल्या पुलाच्या आराखड्यास व बांधणीस भूकंपरोधक रचना म्हणतात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, पालम व सोनपेठ हे तालुके गोदावरीच्या दक्षिणेस, तर जिल्ह्याचे मुख्यालय उत्तरेस आहे. गोदावरीवरील पूल बंद पडल्यास मदतीचा व जखमींना हलविण्याचा सरळ रस्ताच तुटतो.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप होऊन सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हा परिसर तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या परिमंडळ १ मध्ये होता. २००२ मध्ये हे परिमंडळच रद्द करून परिमंडळ २ मध्ये विलीन करण्यात आले. १९९९ पर्यंत परभणीचाच भाग असलेल्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ रोजी ४.५ महत्तेचा भूकंप झाला. त्याचे धक्के परभणीतही जाणवले.

रचना

पुलावरील नेहमीचा भार खाली दाबतो. भूकंप मात्र पुलाला आडवा ढकलतो. अनेक पुलांत गर्डर खांबांवरील बेअरिंगवर नुसते टेकलेले असतात. खांब व गर्डर वेगवेगळे हलले की गर्डर टेकूवरून घसरून पडतो. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात असे घडले. २००१ च्या भूजच्या भूकंपात सूरजबारी पुलाच्या बेअरिंगची हानी झाली. म्हणून टेकू पुरेसा रुंद ठेवतात आणि गर्डर सरकू नये यासाठी अडथळे बसवितात.

खांब नुसता जाड करून भागत नाही. वजन वाढले की भूकंपाचे बलही वाढते. उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधून त्यांची टोके काँक्रीटच्या गाभ्यात वळविल्यास खांब वाकतो, तडकतो, पण चटकन तुटत नाही. हा गुण म्हणजे तन्यता. १९९५ मध्ये कोबे येथे हान्शिन द्रुतगती मार्गाचा सुमारे ६०० मीटरचा भाग आडवा झाला, त्यामागे खांबांतील याच गुणाची उणीव होती.

नदीपात्रातील पाण्याने भिजलेली सैल वाळू तीव्र हादऱ्याने पातळ चिखलासारखी वागू शकते, तर काळी माती ऋतूनुसार फुगते व आकसते. त्यामुळे पाया शक्य तेथे खालच्या बेसॉल्ट खडकापर्यंत नेणे श्रेयस्कर.

नव्या पुलांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे (एसपी ११४) आहेत. जुन्या पुलांचे टेकू रुंद करता येतात, खांबांना काँक्रीटचे वा पोलादाचे वेष्टन घालता येते. मात्र त्याआधी प्रत्येक पुलाची स्वतंत्र तपासणी करावी लागते.