दोन घरं पुढं

आमच्या आजोबांच्या पटावर प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. शाळेतून नवे नियम शिकून आलो आणि राजापुढचं प्यादं धडाक्यात दोन घरं ढकललं, तर त्यांनी ते उचलून मागं ठेवलं. "दोन घरं कोनं सांगतलं बाप्पा?" त्यांच्या देशी डावात राजाला एकदा घोड्याची उडी होती. समोरच्याचा राजा नुसता एकटा उरला की बुर्जी, म्हणजे जिंकूनही अर्धवटच. खरा मान प्याद्यानं मात केली तरच.

1955 साली एलुरूला बुद्धिबळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा आपले रामचंद्र सप्रे डी. वेंकय्यांसोबत संयुक्त विजेते ठरले. पुढं खाडिलकर भगिनींनी महिलांचा खेळ गाजवला. रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे 1997 मध्ये ग्रँडमास्टर झाले. पण हे सगळं मुंबईकडचं. बुलडाण्यात ते पेपरातूनच कळायचं.

आमच्यासाठी बुद्धिबळाचा नकाशा म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरहून निघते, बुद्धिबळ-संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली घेते, पुणं घेते आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला जाते. बुलडाणा शहरात रेल्वे नाही, म्हणून आधी एसटीनं घाट उतरून मलकापूर. माझ्या भाचीच्या रेटिंग स्पर्धांसाठी ही गाडी किती वेळा धरली, मोजलं नाही. एकदा परतीची शेवटची एसटी चुकली. चूक माझीच, पोहे खात बसलो होतो. फलाटावरच्या बाकावर तिनं प्लॅस्टिकचा पट उलगडला आणि हरलेला डाव स्कोअरशीटवरून पुन्हा मांडला. एकविसाव्या चालीला थांबली, उंट हातात धरून बराच वेळ. मग म्हणाली, "मामा, इथं घाई झाली." चहावाला दोनदा येऊन गेला.

तिचं रेटिंग तेव्हा 1050. मार्च 2024 मध्ये जागतिक संघटना फिडेनं रेटिंगची खालची मर्यादा 1000 वरून 1400 केली आणि दोन हजाराखालच्या सगळ्यांना जितकं कमी तितकं वर उचललं. पोरगी एका रात्रीत 1430! घरात पेढे आले. नियम समजावून सांगायचा कंटाळा केला, ते बरंच झालं.

तोवर याच रुळांवर मोठं काही घडत होतं. बडनेऱ्यापल्याडच्या अमरावतीचा स्वप्नील धोपाडे विदर्भातला पहिला ग्रँडमास्टर झाला. नागपूरचा रौनक साधवानी 2019 मध्ये, अवघ्या तेराव्या वर्षी. 2021 मध्ये नागपूरच्याच संकल्प गुप्तानं ग्रँडमास्टर व्हायला लागणारे तिन्ही नॉर्म 24 दिवसांत उरकले. आणि दिव्या देशमुख! रौनकपेक्षा तेराच दिवसांनी मोठी. दोघंही डिसेंबर 2005 चे, एकाच शहरातले. इतकी गुणी पोरं एका गावात कशी निपजतात, याचं उत्तर मला पाण्यात सापडत नाही. हाताशी शिकवणारा, रोज खेळायला तोडीस तोड भिडू आणि वेळ देणारे पालक, हे तिन्ही एकत्र लागतं. आमच्याकडे ते सुट्टं सुट्टं मिळतं.

28 जुलै 2025 ला बातुमीत महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या आणि कोनेरू हंपी यांच्यात टायब्रेकर लागला. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. भाची मोबाइल ताटाशेजारी उभा करून जेवत होती, भात गार. दिव्या जिंकली, एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, देशाची 88 वी. आईला मिठी मारून ती रडली, तेव्हा आमची ताईही पदराला डोळे पुसत होती.

भाचीनं मात्र ताट बाजूला सारलं, आजोबांचा लाकडी पट काढला आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.