निवाडा कोणाच्या हाती?

१८५७ सालच्या पावसाळ्याअखेर ओरछा संस्थानचे सैन्य झाशीवर चालून आले. त्याचे नेतृत्व ओरछ्याचा दिवाण नत्थे खाँ याच्याकडे होते. दोन्ही राज्ये अगदी शेजारची. ओरछा गाव झाशीपासून जेमतेम पाच कोसांवर. झाशीचा किल्लाही मूळचा ओरछ्याचाच राजा वीरसिंह देव याने सतराव्या शतकात बांधलेला, पुढे मराठ्यांच्या हाती आलेला. या लढाईत एक गोष्ट मोठी चमत्कारिक होती. ओरछा हे ईस्ट इंडिया कंपनीचे मित्रराज्य म्हणवले जात होते. आणि झाशीत राणी लक्ष्मीबाई जो कारभार पाहत होत्या, तोही कंपनीच्याच अनुज्ञेने. सागरचा कमिशनर अर्स्किन याने २ जुलै १८५७ रोजी त्यांना तसे लिहून कळवले होते. म्हणजे परस्परांवर तोफा डागणारे हे दोन्ही पक्ष एकाच तिसऱ्या सत्तेकडे पाहत होते.

शेजारी शेजाऱ्यावर का उलटतो, कालचा मित्र आज शत्रू का होतो, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला नेहमीच पडतात. परंतु इतिहासात कारणे इतकी गुंतलेली असतात, की एकेक धागा वेगळा काढून पाहणे कठीण जाते. एखादी लहानशी, आखीव नियमांची स्पर्धा हाताशी असेल, तर तेच धागे अधिक स्पष्ट दिसू शकतात. दूरचित्रवाणीवरील ‘रिअ‍ॅलिटी शो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धा या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. करमणूक म्हणून त्यांची थोरवी कितीही कमी मानली, तरी युती कशी जुळते आणि शेवटच्या टप्प्यात ती का तुटते, हे त्यांत जणू काचेच्या पेटीत ठेवल्याप्रमाणे पाहावयास मिळते.

या स्पर्धांची घडण साधी असते. काही माणसांना बाहेरच्या जगापासून तोडून एकत्र ठेवले जाते. ठराविक दिवसांनी त्यांतील एकजण बाहेर पडतो. अखेरीस जो उरतो, त्याला बक्षीस मिळते. बक्षीस एकच असल्यामुळे प्रत्येक स्पर्धक शेवटी दुसऱ्या प्रत्येकाचा प्रतिस्पर्धी असतो. तरीही एकट्याने टिकून राहणे जवळजवळ अशक्य असते. सहकार्यावाचून पुढे जाता येत नाही आणि सहकार्याने शेवट गाठता येत नाही, अशा दुहेरी पेचात हे स्पर्धक सापडलेले असतात.

अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’ या स्पर्धेचा पहिला प्रयोग २००० साली झाला, त्याचे उदाहरण पाहू. मलेशियातील पुलाउ टिगा या बेटावर सोळा जणांना दोन टोळ्यांत विभागून ठेवण्यात आले होते. ३९ दिवसांच्या शेवटी विजेत्याला दहा लाख डॉलर मिळावयाचे होते. दोन टोळ्या एकत्र करण्यात आल्या, तेव्हा प्रत्येकीत पाच-पाच जण उरले होते. संख्याबळ समसमान होते. पण एका टोळीतील चौघांनी, म्हणजे रिचर्ड हॅच, रूडी बोश, सू हॉक आणि केली विगल्सवर्थ यांनी, एकाच नावावर मत देण्याचा आपसांत करार केला होता. पहिल्याच संयुक्त मतदानात त्यांची चार मते एका स्पर्धक स्त्रीच्या नावावर पडली. उरलेल्या सहांची मते विखुरली आणि ती स्त्री केवळ चार मतांनी बाहेर गेली.

येथे आरंभीच्या टप्प्याचा नियम दिसून येतो. विखुरलेल्या बहुसंख्येपेक्षा संघटित अल्पसंख्या प्रबळ ठरते. प्रतिपक्षाच्या ध्यानात ही गोष्ट आली, तोवर फार उशीर झाला होता. त्याच टोळीतला पाचवा स्पर्धक तर कोणाचेही मन दुखवू नये म्हणून नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने मते देत होता. त्याच्या या सोवळेपणाचा लाभही त्या चौघांनाच झाला. ज्याची चाल आधीच ठाऊक असते, त्याचे मत वस्तुतः दुसऱ्याच्या हाती गेलेले असते.

मात्र चौघांची युती ही चौघांपुरतीच उपयोगाची असते. बाहेरचे सगळे प्रतिस्पर्धी संपले, की तिच्या अस्तित्वाचे कारणच संपते. विल्यम रायकर या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९६२ साली असे प्रतिपादन केले होते, की राजकीय आघाड्या जिंकण्यापुरत्या मोठ्या होतात, त्याहून मोठ्या होत नाहीत; कारण प्रत्येक जादा भागीदार लाभातला वाटा मागतो. या विचाराला पुढे नेले, तर असे म्हणता येईल, की विजय जसजसा जवळ येतो, तसतसे प्रत्येक आघाडीतील काही भागीदार आपोआपच ‘जादा’ ठरू लागतात. शेवटची तारीख सर्वांना ठाऊक असल्यामुळे शहाणा स्पर्धक हिशेब शेवटाकडून उलटा मांडत येतो: अंतिम दिवशी माझ्यासमोर कोण असावा? त्याच्या आदल्या दिवशी कोण? आणि म्हणून आज कोणाला दूर करावे?

या उलट्या हिशेबातला सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे अंतिम निवाडा करणारा कोण, हा. ‘सर्व्हायव्हर’मध्ये अखेरच्या दोघांतून विजेता निवडण्याचा अधिकार नुकत्याच बाहेर पडलेल्या सात स्पर्धकांना होता. म्हणजे ज्यांना डावलून वर चढावयाचे, त्यांच्याच दारात शेवटी हात पसरून उभे राहावयाचे.

तिघे उरले, तेव्हा हॅचने जे केले ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. रूडी, केली आणि तो अशा तिघांना एका खांबावर हात ठेवून उभे राहावयाचे होते. जो शेवटपर्यंत हात काढणार नाही, त्याला आपल्यासमोरचा प्रतिस्पर्धी निवडता येणार होता. हॅच आपण होऊन बाजूला झाला. वरवर पाहता हा वेडेपणा होता. पण तो जिंकला असता, तर त्याला दोनच मार्ग होते. रूडी हा सर्वांना प्रिय असलेला वृद्ध निवृत्त नौसैनिक. त्याला समोर ठेवले, तर पंच रूडीलाच कौल देण्याचा संभव मोठा. रूडीला बाहेर काढले, तर वचनभंग होणार आणि पंच झालेला रूडी विरुद्ध मत देणार. हॅचने ही निवड केलीवर सोपवली. ती जिंकली, तिने रूडीला बाहेर काढले आणि रूडीचे मत हॅचला मिळाले. निकाल चार विरुद्ध तीन असा लागला. त्या एका मताने हॅच विजयी झाला होता.

तिघे उरले असता बळाचे गणित कसे उलटते, हे गणितज्ञांच्या एका जुन्या कोड्यातही दिसते. तीन नेमबाज आहेत. एकाचा नेम कधीच चुकत नाही, दुसऱ्याचा तीनांत दोनदा लागतो आणि तिसऱ्याचा तीनांत एकदाच. पहिली गोळी सर्वांत दुबळ्याने झाडावयाची, मग मधल्याने, मग निष्णाताने, आणि एकच उरेपर्यंत हा क्रम चालवावयाचा. दुबळ्याने काय करावे? उत्तर असे, की त्याने पहिली गोळी हवेत झाडावी. मग मधला नेमबाज निष्णातावरच गोळी चालवतो, कारण त्याला खरे भय त्याचेच असते. तो हुकला, तर निष्णातही त्यालाच टिपतो. दोघांपैकी कोणीही उरला, तरी पुढची पहिली गोळी दुबळ्याची असते. हिशेब केला, तर दुबळ्याची वाचण्याची शक्यता शंभरांत सुमारे चाळीस येते, मधल्याची अडतीस आणि निष्णाताची अवघी बावीस. हॅचने खांबावरचा हात काढला, ती त्याची हवेत झाडलेली गोळीच होती.

आता निवाडा करणारा बदलला, तर खेळ कसा बदलतो ते पाहू. १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ या कार्यक्रमाची हिंदी आवृत्ती ‘बिग बॉस’ २००६ मध्ये आणि मराठी आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. येथे घरातील सदस्य एकमेकांची नावे फक्त सुचवतात. सुचवलेल्यांपैकी कोणाला राखावयाचे आणि अखेरीस कोणाला जिंकवावयाचे, हे प्रेक्षकांची मते ठरवतात. परिणामी युतीचा उपयोगही वेगळा होतो. घरातली मैत्री नामांकनापासून संरक्षण देते, परंतु विजय देत नाही. तो घराबाहेरच्या, कधीही न दिसणाऱ्या पंचाच्या हाती असतो. आणि त्या पंचाने घरातली कुजबुजसुद्धा ऐकलेली असते.

मराठी आवृत्तीच्या पहिल्या वर्षी मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग या तिघांचा गट बराच काळ एकत्र खेळला. शेवट जवळ आला, तेव्हा त्यांच्यात दुरावा आला. २२ जुलै २०१८ च्या अंतिम सोहळ्यात मेघा धाडे विजयी ठरल्या, तर पुष्कर जोग दुसरे आले. विजेता आणि उपविजेता असे दोघेही एकेकाळच्या एकाच गटातले असावेत, हे सूचक आहे. गटाने त्यांना शेवटापर्यंत पोचवले, आणि शेवटी गटच त्यांच्यातली स्पर्धा होऊन बसला.

२०२४ मधील पाचव्या पर्वात सत्तर दिवसांच्या अखेरीस सूरज चव्हाण विजयी झाले. बारामती तालुक्यातील मोढवे गावचा हा तरुण. घरातील डावपेचांत तो अग्रभागी नव्हता. घरात दोन गट पडले होते, ते फुटले, माणसे इकडची तिकडे गेली, आणि बलवानांचे लक्ष परस्परांवरच खिळून राहिले. कोड्यातल्या दुबळ्या नेमबाजाची आठवण येथे होते. मात्र सूरज चव्हाण यांना तारले ते या गणितापेक्षा अधिक प्रेक्षकांच्या जिव्हाळ्याने. त्याच अंतिम फेरीत जान्हवी किल्लेकर यांनी नऊ लाख रुपये घेऊन बाहेर पडण्याचा पर्याय स्वीकारला. पंचाचा कौल आपल्या बाजूने नाही असे वाटले, तर हाती येईल तेवढे घेऊन बाजूला होणे, हाही शेवटच्या डावातला एक हिशेबी निर्णय असतो.

ही दोन तत्त्वे घेऊन पुन्हा झाशीकडे वळू. १८५७ च्या जूनमध्ये झाशीत उठाव झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी प्रथम कंपनीच्याच अधिकाऱ्यांना पत्रे लिहिली. ओरछ्याचे आक्रमण झाले, तेव्हाही त्यांनी कंपनीकडे साहाय्य मागितले. अंतिम निवाडा कंपनीच करील, असे मानून केलेली ही वर्तणूक होती. पण जूनमध्ये झाशीत झालेल्या युरोपीयांच्या कत्तलीस राणीच जबाबदार आहेत, असे मत कंपनीच्या वरिष्ठांनी करून घेतले होते. पंचाने आपला निर्णय सुनावणीपूर्वीच घेतला होता. राणींनी स्वतःच्या बळावर ओरछ्याचे सैन्य परतवून लावले आणि मदत अखेरपर्यंत आली नाही. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याची फौज झाशीपुढे येऊन ठाकली, तेव्हा राणींपुढे तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या पक्षाखेरीज दुसरा पक्ष उरला नव्हता.

ओरछ्याचा हिशेब याहून सरळ होता. झाशीचा जुना प्रदेश परत मिळावा ही इच्छा होतीच. शिवाय उद्या बक्षिसे आणि शिक्षा वाटणारा हात कंपनीचा असेल, असे त्या दरबाराने ओळखले होते. वेढ्याच्या काळात रोजच्या फौजेला रसद पुरवणाऱ्यांत ओरछा होते आणि ग्वाल्हेरचे शिंदेही होते. तात्या टोपे यांची मदतीस आलेली मोठी फौज १ एप्रिल रोजी बेतवा नदीजवळ पराभूत झाली, ३ एप्रिलला शहरावर हल्ला चढला, आणि राणी रात्रीच्या अंधारात काल्पीकडे निघून गेल्या.

पुढे ग्वाल्हेरला जे घडले, ते मात्र खेळाच्या चौकटीत मावत नाही. १ जून १८५८ रोजी जयाजीराव शिंदे आपली फौज घेऊन राणी, तात्या आणि रावसाहेब यांच्यावर चालून गेले आणि त्यांची बहुतेक फौज शत्रूलाच जाऊन मिळाली. शिंद्यांना आग्र्यास पळ काढावा लागला. दूरचित्रवाणीच्या खेळात प्रत्येक स्पर्धक ही एकच व्यक्ती असते. तिचा निर्णय तिच्या हातात असतो. राज्य ही एक व्यक्ती नसते. राजाचा हिशेब एक आणि शिपायाचा दुसरा असू शकतो, आणि शिपायाने मानलेला पंच राजाच्या पंचाहून निराळा असू शकतो. आणखी एक भेद याहून मोठा आहे. खेळातून बाहेर पडलेला माणूस आपल्या घरी परत जातो. राणी लक्ष्मीबाई त्याच महिन्यात ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे लढताना पडल्या, आणि झाशी शहरात त्याआधीच असंख्य माणसे मारली गेली होती.

कंपनीच्या बाजूने राहिलेल्यांचा हिशेब त्या काळापुरता बरोबर ठरला. जयाजीराव जूनमध्येच ग्वाल्हेरला परतले. झाशीचा किल्ला पुढे शिंद्यांच्या ताब्यात गेला आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात तो इंग्रजांनी परत घेतला. जणू पटावरचे एक प्यादे देऊन दुसरे घ्यावे तसा. परंतु १९४७ नंतर तो पंचच उरला नाही. आज झाशीच्या किल्ल्यावर येणारा प्रवासी तेथे राणीची आठवण घेऊन येतो; वेढ्याला रसद कोणी पुरवली, हे त्याला बहुधा ठाऊकही नसते. शेवटचा डाव खेळताना प्रत्येकजण आपल्या दृष्टीस पडणाऱ्या पंचाकडे पाहूनच मित्र निवडतो. तो पंच किती काळ टिकेल, हे मात्र खेळातल्याप्रमाणे कोणत्याही नियमात लिहून ठेवलेले नसते.