सरकारी दवाखाना कोणाचा?

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याच्या मुलाची मुंज यवतमाळच्या आमच्या जुन्या घरी झाली. हल्ली मंगल कार्यालये सोडून घरी मुंज करण्याचा खटाटोप फारसे कोणी पत्करीत नाही. परंतु आमचे वडील बंधू, ज्यांस घरात सर्व दादा म्हणतात, ह्या बाबतीत हट्टी आहेत. भोजनोत्तर पानाच्या तबकाभोवती मंडळी जमली आणि कोणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळीवरून विषय निघाला तो असा की, सर्व देशाच्या औषधपाण्याचा खर्च सरकारने कराच्या पैशातून करावा, की ज्याचा त्याने पाहावा? दिवेलागणीपर्यंत वाद चालला. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे आमची इंग्रजी विद्या गेली नाही, आणि संस्कृत शिकविण्यात जन्म गेला. तेव्हा पुढील लिखाण अधिकारवाणीचे आहे असे वाचकांनी समजू नये. चार सुशिक्षित घरांतील माणसांचे मत कसे चालते, एवढेच त्यात दिसेल.

पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या प्रथम बोलला. "काका, आम्ही प्राप्तिकर भरतो, त्यावर आरोग्य व शिक्षण ह्यांच्या नावाने 4 टक्के उपकर भरतो, विम्याचा हप्ता निराळा, आणि त्या हप्त्यावर 18 टक्के कर निराळा. एवढे करून सरकारी दवाखान्याची पायरी जन्मात चढलो नाही. मग हा पैसा जातो कोणाकडे?" (वैयक्तिक विम्यावरील तो कर 2025 च्या सप्टेंबरात उठला, ही गोष्ट वेगळी.) आम्ही त्यास रघुवंशाच्या पहिल्या सर्गातील दिलीपाची आठवण दिली. सूर्याने शोषलेले पाणी पावसाच्या रूपाने परत यावे तसा त्या राजाचा कर प्रजेकडे परत जाई, हे त्याने लहानपणी आमच्याच तोंडून ऐकलेले. तो हसून म्हणाला, "पाऊस पडत असेल हो, पण आमच्या अंगणात नाही."

इंग्लंडातून आलेली भाची मात्र निराळ्याच तऱ्हेने वैतागलेली होती. तिकडे 5 जुलै 1948 पासून कराच्या पैशातून सर्वांस औषधोपचार मिळतो. तिची दोन्ही बाळंतपणे तेथे झाली, बिलाचा कागद तिने पाहिला नाही. परंतु शेजारच्या आजीबाईंस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागली, हेही तिनेच सांगितले. तेथे दरसाल लोकमताची पाहणी होते. 2010 साली शंभरात सत्तर लोक त्या व्यवस्थेवर संतुष्ट होते. 2024 साली ते एकवीसच राहिले. आणि तरीही, उपचाराच्या वेळी पैसे मागू नयेत हे मूळ तत्त्व राहावे काय असे विचारले, तर दहांपैकी नऊ जण राहावे असेच म्हणतात. पुतण्यास हे विसंगत वाटले. आम्हांस तसे वाटले नाही. घरच्या स्वयंपाकास नावे ठेवणारा मनुष्य चूल मोडा असे म्हणत नाही.

येथे दादांनी एक जुनी गोष्ट काढली, ती तरुण मंडळींपैकी एकासही ठाऊक नव्हती. इंग्लंडात ही व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच हिंदुस्थानासाठी तिचा आराखडा लिहून झाला होता. 1943 साली नेमलेल्या समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकास जन्मलेले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. त्यांचा अहवाल 1946 साली निघाला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणासही उपचार नाकारला जाऊ नये, हे त्याचे सूत्र. दहा ते वीस हजार वस्तीस 75 खाटांचे रुग्णालय असावे, पगारी डॉक्टरांनी खाजगी व्यवसाय करू नये, इतक्या बारकाव्याने तो लिहिलेला आहे. आजचे प्राथमिक आरोग्य केंद्र त्याच कल्पनेचे अपत्य. परंतु ते सपाटीवर तीस हजारांस आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजारांस एक, आणि खाटा चार-सहा. झरी-जामणीकडील एखाद्या कोलाम पोडावरून त्या खाटेपर्यंत पावसाळ्यात पोहोचणे म्हणजे काय, हे ज्यांनी तिकडे शाळातपासणीच्या निमित्ताने पायपीट केली आहे त्यांस सांगावयास नको.

डॉक्टर मंडळींचे मतही विचारात घेतले पाहिजे. 1948 साली इंग्लंडातील बहुसंख्य डॉक्टर ह्या व्यवस्थेच्या विरुद्ध होते. ती आणणारे मंत्री अन्यूरिन बेव्हन ह्यांनी त्यांच्याशी तडजोड केली, आणि पुढे 1951 साली कवळ्या व चष्मे ह्यांवर शुल्क बसू लागले तेव्हा स्वतः राजीनामा दिला. आपल्याकडे 2023 च्या मार्चात राजस्थानने आरोग्याच्या हक्काचा कायदा केला तेव्हा खाजगी डॉक्टरांनी संप पुकारला. त्यांचा एक प्रश्न अगदीच गैर नव्हता : तातडीच्या रोग्यास आम्ही फुकट पाहू, पण पैसे कोण आणि केव्हा देणार? सरकारकडून येणे वसूल करण्याचा अनुभव आम्हां अनुदानित शाळांच्या मास्तरांसही आहे.

आता आमच्या स्वतःच्या घरची हकीकत. ती त्या दिवशी आम्ही तबकाभोवती सांगितली नाही, येथे सांगतो.

घाटंजी तालुक्यात आमची वडिलार्जित थोडी जमीन आहे. 2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली, बोंडअळीच्या भयाने लोकांनी फवारणीवर फवारणी केली, आणि औषध वाऱ्याबरोबर फवारणाऱ्याच्याच तोंडावर आले. जुलै ते ऑक्टोबर ह्या काळात शेकडो माणसे दवाखान्यात दाखल झाली, वीसच्या आसपास दगावली. आमचा सालदार त्या शेकड्यांतला. पंप पाठीवर घेऊन तोंडास दुपट्टा बांधून तो सबंध दिवस फवारीत होता. औषध आम्ही आणून दिले होते. हातमोजे, चष्मा आणून देण्याचे आमच्या ध्यानातही आले नाही. संध्याकाळी तो घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, डोळ्यापुढं धुकं आलं जी." मग ओकाऱ्या सुरू झाल्या.

त्यास येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. हे महाविद्यालय 1989 सालचे. वॉर्डात त्याच्यासारखीच माणसे होती, कोणी बरळत होते, कोणास दोरीने खाटेस बांधले होते, कारण विषावरचे अॅट्रोपीन टोचले म्हणजे कधीकधी रोगी भ्रमिष्टासारखा होतो. विशीबाविशीतली पोरेपोरी, शिकाऊ डॉक्टर, रात्रभर डोळ्यांच्या बाहुल्या आणि नाडी पाहत फिरत होती. अकराव्या दिवशी तो चालत घरी आला. केसपेपर आणि किरकोळ शुल्क सोडता आम्हांस काही द्यावे लागले नाही.

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. पैसा हा पाद त्यात नाही. त्या अकरा रात्रींत बाकावर बसून आम्ही स्वतःस विचारीत होतो की, हा दवाखाना नसता तर खर्च कोणी केला असता? पहिले दहा हजार आम्ही निश्चित दिले असते. पुढचे वीसही, कदाचित. त्यापुढे आम्ही दादांकडे पाहिले असते, दादांनी आमच्याकडे, आणि मग त्याच्या बायकोच्या गळ्यातील पोतीकडे सर्वांनी. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे ते असे आहे.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, वहिनींच्या छातीत दुखू लागले. त्यांस नागपुरास एका खाजगी रुग्णालयात नेले. दारातच अनामत रक्कम भरावी लागली. ती एवढी होती की रात्री अकरा वाजता तीन नातलगांस फोन करावे लागले. वहिनी सुखरूप परत आल्या, परंतु दादांची एक मुदत ठेव संपली. पुढे केव्हातरी तलाठ्याकडे बसले असता कळले की, महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत यवतमाळसह चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस, शिधापत्रिका पांढरी असली तरी, जागा होती. सातबारा दादांच्या नावे, शिधापत्रिका पांढरी. ते रुग्णालय योजनेत होते की नव्हते, हे आम्ही विचारलेच नाही. रुग्णालयानेही सांगितले नाही. खरे कारण अज्ञान नव्हे. सरकारी योजना म्हणजे गरिबांची, आपण तेथे कागद दाखविणे बरे दिसत नाही, ही आमची समजूत.

सुशिक्षित घरांचे लोकमत ह्या समजुतीपाशी अडते असे आम्हांस वाटते. ज्या दवाखान्यात आपण जात नाही तो सुधारावा म्हणून आपण भांडतही नाही. तेथील उणिवा खोट्या आहेत असे नव्हे. एका सरकारी दवाखान्यात आम्हीच सलाइनची सुई बाहेरून विकत आणून दिली आहे. 31 जानेवारी 2021 रोजी ह्याच घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे बारा बालकांस पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, पण आजूबाजूच्या गावांतील आयांस काय वाटले असेल! असे एखाद्या बड्या शहरी शाळेत घडते तर केवढा गदारोळ झाला असता.

आणि "आम्ही भरतो, ते खातात" हे गणितही बरोबर नाही. आमचा सालदार प्राप्तिकर भरीत नाही, परंतु साबण, चपला, पोराची वही, ताडपत्री, प्रत्येकावर तो कर देतच आला आहे. उलट पुतण्याच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, पैसा घेतला जातो त्या मानाने दिसत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे ठरविले. 2021-22 साली तो 1.84 टक्के होता. मात्र लोकांच्या खिशातून होणारा भाग एकूण खर्चात 2013-14 साली शंभरी 64 होता तो 2021-22 साली 39 वर आला, हीही सरकारी हिशेबातलीच नोंद आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र शासनाने आपल्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले. पण त्या निर्णयात वैद्यकीय शिक्षण खात्याची रुग्णालये नव्हती, म्हणजे ज्या वॉर्डात आमच्या सालदाराचा जीव वाचला तो वॉर्डही नव्हता. खात्यांच्या भिंती रोग्यास कशा कळाव्या?

असो. मुंजीचा मांडव उतरला, पाहुणे गेले. चार दिवसांनी वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, सत्तरीच्या वरच्यांना पाच लाखांचं ते कार्ड निघतं म्हणतात, श्रीमंत-गरीब न पाहता. आमचं दोघांचं काढून आणा की." 2024 च्या ऑक्टोबरापासून ही सोय झाली आहे खरी. दादा प्रथम नको म्हणाले, मग पेटीतून कागद काढू लागले. आम्हांस ते मोबाइलातील अर्जाचे प्रकरण जमेना. शेवटी सालदाराचा मुलगा आला. तो आता बारावीत आहे. त्याने ओट्यावर बसून दादांचे छायाचित्र घेतले, आधारचा आकडा दोनदा वाचून घेतला. वहिनींचे कार्ड लगेच निघाले. दादांच्या नावाचे स्पेलिंग मात्र दोन कागदांवर दोन तऱ्हेचे निघाले, आणि ते दुरुस्त करण्यासाठी सोमवारी पुन्हा केंद्रावर जावयाचे आहे.