मी कोकणी, की मालवणी?

हॉस्टेलवर पहिल्याच रात्री रूममेटने विचारलं, "तू कोकणी ना? मग गोव्याची भाषा येत असेल!" मी नुसतीच हसले. नीट उत्तर द्यायला मला दोन वर्षं लागली. ते हे असं.

आपण ब्रिटिशांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो. पण ब्रिटनमध्ये इंग्लंडसोबत स्कॉटलंड आणि वेल्सही येतात. मुंबईचा गव्हर्नर (१८१९-१८२७) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉटलंडचा. म्हणजे ब्रिटिश खरा, पण 'इंग्रज' नव्हे!

'कोकणी' शब्दाचाही असाच घोळ आहे. कोकणी माणूस म्हणजे कोकणपट्टीतला, पालघरचाही आणि मालवणचाही. कोकणी भाषा म्हटलं की मात्र गोवा आठवतो. १९८७ मध्ये ती तिथली राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. आम्ही सिंधुदुर्गात बोलतो ती मालवणी.

मग मालवणी कोणाची? मराठीत "मला हवं", गोव्यात "म्हाका जाय", आमच्याकडे "माका व्हया". यातलं 'माका' गोव्याजवळचं, तर 'व्हया' मराठीजवळचं. स्वतःला मात्र आम्ही गोव्यासारखं 'हांव' म्हणत नाही, 'मी'च म्हणतो. म्हणून कोणी तिला मराठीची बोली म्हणतात, कोणी कोकणीची. तेरेखोल नदी ओलांडली की राज्य बदलतं, भाषा मात्र हळूहळू सरकते.

शाळेत, म्हणजे कॉन्व्हेंटमध्ये, मालवणी बोललं की दंड, आणि मराठीच्या तासाला तीच 'अशुद्ध'. त्यामुळे हॉस्टेलवरही मी ती लपवली. रूमवर कोणी असलं की आजीशी फोनवर पुस्तकी मराठी! एकदा ती म्हणाली, "मास्तरासारखा असा कित्याक बोलतंस गो?" त्या रात्री अभ्यासात लक्षच लागलं नाही.

गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ला सगळा महाराष्ट्र हसला. मच्छिंद्र कांबळींनी ते नाटक लंडनपर्यंत नेलं. हसायला मालवणी चालते, मग रडायला, भांडायला, व्हायव्हाची भीती सांगायला का नको?

आता मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून आजीशी मोठ्याने मालवणीत बोलते. आणि रूममेटला उत्तर असं: मी कोकणातली, बोलते मालवणी, लिहिते मराठी. तिन्ही खरं आहे, एकासाठी दुसरं सोडायची गरज नाही.

कोणाक मालवणी शिकाची असली तर रूमवर येवा!