उष्णता-नियमन, घरातील

राहत्या खोलीचे तापमान माणसास सुखावह वाटेल अशा मर्यादेत राखण्याची व्यवस्था. थंड प्रदेशांत खोलीला उष्णता पुरवावी लागते. उष्ण प्रदेशांत बाहेरची उष्णता अडविणे आणि आत साठलेली घालविणे हे मुख्य काम असते. दोन्हींमागील तत्त्व मात्र एकच आहे.

तत्त्व : मानवी शरीरात सतत निर्माण होणारी उष्णता हवेकडे, प्रारणाने भोवतालच्या पृष्ठभागांकडे आणि घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर पडते. त्यामुळे केवळ हवेचे तापमान हे सुखाचे गमक ठरत नाही. छत, भिंती व जमीन यांचे तापमानही जवळजवळ तितकेच महत्त्वाचे असते. हवा फारशी हलत नसल्यास शरीराला या दोहोंची साधारण सरासरी जाणवते. उदा., हवा ३४° से. व पृष्ठभाग सरासरी ४०° से. असल्यास खोली सु. ३७° से. इतकी उष्ण भासते.

भूतल तापन : थंड हवामानात जमीन तापवून या तत्त्वाचा उपयोग केला जातो. रोमन स्नानगृहांत आखूड खांबांवर उचललेल्या जमिनीखालून भट्टीचे उष्ण वायू खेळवीत. कोरियातील ‘ओन्डोल’ व काश्मीरमधील ‘हमाम’ याच प्रकारचे आहेत. आधुनिक पद्धतीत जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून कोमट पाणी फिरवितात. वावराच्या जागी जमिनीचा पृष्ठभाग २९° से. पेक्षा अधिक तापू देत नाहीत. जाड जमीन सावकाश तापते व सावकाश निवते. म्हणून नियंत्रकात थोडाच बदल करून पुढील बदलापूर्वी सु. एक दिवस थांबावे लागते.

चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेश : येथील प्रश्न याच्या उलट आहे. चंद्रपूरचे कमाल तापमान मे महिन्यात अनेकदा ४५° से. च्या वर जाते. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडसारख्या डोंगराळ, वनवेष्टित भागात झाडांची सावली मिळते, तरी उन्हाळा कडकच असतो. हिवाळ्यातील गारठ्यास शेकोटी पुरते. त्यामुळे येथे नियमन करावयाचा मुख्य पृष्ठभाग जमीन नसून छप्पर होय.

या भागातील पारंपरिक घरांत बांबूच्या ताट्यांवर माती लिंपलेल्या किंवा जाड मातीच्या भिंती, गवताचे अथवा कवेलूंचे उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण आणि शेणाने सारवलेली जमीन आढळते. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, वळचण भिंतींवर सावली धरते आणि खालच्या मातीशी जोडलेली जमीन दुपारीही गार लागते. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील बापू कुटी ही अशाच बांधणीची आहे. मात्र अशा घरांची शाकारणी व लिंपण वारंवार करावे लागते आणि वाळवीचाही उपद्रव होतो. म्हणून सिमेंटच्या पक्क्या घरांकडे असलेला लोकांचा ओढा स्वाभाविक आहे.

पक्क्या घरातील सिमेंट-काँक्रीटचे सपाट छत दिवसभर उष्णता साठवून ती सायंकाळनंतर आत सोडते. पत्र्याचे छप्पर उन्हात लगेच तापते, पण सूर्यास्तानंतर लवकर निवते. रात्री खोली निवली नाही, तर दिवसा उन्हात राबलेल्या शरीरास विसावा मिळत नाही. वृद्ध, तान्ही मुले व गरोदर स्त्रिया यांना याचा धोका अधिक असतो.

नव्या घरातील उपाय : छतावर दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा लेप द्यावा. पत्र्याखाली बांबूच्या चटईचे आढे बांधून मध्ये हवेस वाट ठेवावी. पश्चिमेच्या भिंतीवर मांडव किंवा वेल चढवावी. सकाळी बाहेरची हवा आतल्याहून गरम होऊ लागताच खिडक्या लावून घ्याव्यात आणि रात्री ती आतल्याहून गार झाल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. ही वेळ अंदाजाने न ठरविता, एक तापमापक खोलीच्या मध्यभागी बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर व दुसरा बाहेर सावलीत टांगून ठरविणे चांगले. जाड बांधणीच्या घरात बदलाचा परिणाम एका रात्रीत पुरता दिसत नाही. तीन-चार दिवस नोंदी ठेवून मगच पुढचा बदल करावा.

हवा ३५° से. हून गरम असता पंखा हवेची उष्णता शरीरास पोचवितो. त्याचा लाभ घाम वाळण्यापुरता असतो, म्हणून पाणी पुरेसे प्यावे. वाळ्याच्या ओल्या ताट्या व कूलर एप्रिल–मेच्या कोरड्या हवेत उपयोगी पडतात. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर त्यांनी फारसा गारवा मिळत नाही. त्या दिवसांत आरपार वाहणारा वाराच उपयोगी ठरतो.